पेन्सिलीने लिहिलेल्या सुट्ट्या : सुट्ट्यांची अधिसूचना काढणाऱ्यांना खुले पत्र

ठाणे, नोव्हेंबर २०२५

प्रति,
राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्या ठरवणारे वरिष्ठ अधिकारी, मुंबई
तसेच सर्व जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी

विषय : सार्वजनिक व स्थानिक सुट्ट्यांच्या तारखा वर्ष सुरू होण्यापूर्वी निश्चित करण्याबाबत.

महोदय, महोदया,

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेले असते आणि त्याच्या खिळ्याला दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली असते. पूर्वी तिथे पेन असायचे. २०२३ च्या सप्टेंबरानंतर माझ्या नवऱ्याने ते काढून पेन्सिल बांधली, कारण लाल रंगात छापलेली सुट्टीसुद्धा ऐन वेळी खोडावी लागते, हे तोवर आम्हांला कळून चुकले होते. यंदाच्या सप्टेंबरच्या पानावर पाच तारखेच्या चौकोनात ‘वाई, तिघेही’ असे लिहिले होते. त्यातले ‘तिघेही’ खोडलेले आहे. आठ तारखेच्या चौकोनात नुसते प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याच पानामुळे मी हे पत्र लिहायला बसले आहे.

मी किसननगरला राहते आणि मुलुंड चेकनाक्यापलीकडे, औषधांचे वितरण करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत हजेरी, रजा आणि पगारपत्रकाचे काम गेली चौदा वर्षे पाहते. नवरा मुंबईत सरकारी नोकरीत आहे. मुलगा ठाण्यातल्या शाळेत सातवीत आहे. सासर कुडाळ तालुक्यात आणि माहेर वाईला. हे घरगुती तपशील देण्याचे कारण एवढेच की आमच्या तीन माणसांच्या घरात सुट्ट्यांच्या तीन निरनिराळ्या याद्या चालतात आणि त्या तिन्हींचा उगम आपण काढलेल्या कागदांत आहे. चेकनाक्याच्या अलीकडे ठाणे जिल्हा, पलीकडे मुंबई उपनगर. मी रोज सकाळी रिक्षाने जिल्हा बदलते आणि संध्याकाळी परत येते. ऊन-पाऊस दोन्हीकडे सारखेच असतात. सुट्टी मात्र सारखी असेलच असे नाही.

आणखी एक खुलासा आधीच केलेला बरा. या पत्रात मी एकही सुट्टी वाढवून मागितलेली नाही. कोणत्याही धर्माच्या, पंथाच्या किंवा थोर व्यक्तीच्या नावाने मिळणाऱ्या सुट्टीबद्दलही माझी तक्रार नाही. माझी तक्रार तारीख ठरवायला होणाऱ्या उशिराबद्दल आहे, आणि तो उशीर बहुतेक वेळा टाळता येण्यासारखा असतो, हे मला दाखवून द्यायचे आहे.

२०२५ च्या यादीत ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवार, ५ सप्टेंबर रोजी होती. ऑगस्टच्या मध्याला माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी साताऱ्याच्या डॉक्टरांनी तारीख विचारली, तेव्हा मी कालनिर्णयाकडे पाहून पाच तारीख सांगितली. शुक्रवारची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार; घरातले तिघेही मोकळे; रजेचा अर्ज कुणालाच द्यायला नको. एसटीचे आरक्षण झाले, नवऱ्याने मुख्यालय सोडण्याची परवानगीही मागून ठेवली. सुट्टीच्या दोन दिवस आधी, अनंत चतुर्दशी ६ तारखेला येत असल्यामुळे, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ईदची सुट्टी शुक्रवारऐवजी सोमवारी, ८ सप्टेंबरला राहील, असा निर्णय झाला. इतर जिल्ह्यांत पाच तारीख कायम राहिली.

याचा आमच्या घरात झालेला अर्थ असा : शुक्रवारी मुलाला सुट्टी, आम्हां दोघांना काम, सोमवारी आम्हां दोघांना सुट्टी, मुलाची शाळा चालू आणि नेमकी गणिताची चाचणी. शस्त्रक्रियेची तारीख हलवता येण्यासारखी नव्हती. मी शुक्रवारची किरकोळ रजा टाकली आणि मुलाला घेऊन एकटीच गेले. नवरा आला नाही. आईच्या डोळ्यांत ठरावीक तासांनी थेंब घालायचे होते, आणि ते पहिले तीन-चार दिवस कुणीतरी नेमाने घालावे असे डॉक्टरांनी बजावले होते. मी रविवारी संध्याकाळी परतीची एसटी पकडली, कारण सोमवारी चाचणी होती. सोमवारी सकाळी मुलाला शाळेत सोडून आले आणि भरपगारी सुट्टीच्या दिवशी घरात बसून दर दोन तासांनी वाईला फोन करून शेजारच्या काकूंना ‘थेंब घातले का’ म्हणून विचारत राहिले. माझी एक रजा गेली आणि एक सुट्टीही गेली. दोन्हींतून आईच्या वाट्याला जेवढे यायला हवे होते, तेवढे आले नाही.

हा प्रसंग एका घरापुरता आहे असे आपण म्हणाल, म्हणून कामाच्या ठिकाणचे सांगते. आमच्या कंपनीचे कार्यालय मुलुंडला आहे आणि गोदाम भिवंडीला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. मुंबईतल्या बऱ्याच व्यवसायांची मांडणी अशीच आहे, कारण एवढी जागा मुंबईत परवडत नाही. बुधवारी संध्याकाळी अधिसूचनेचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर आला आणि गुरुवारी सकाळी माझ्या टेबलापुढे रांग लागली. शुक्रवारी मुलुंडला मागण्या नोंदवायला माणसे हजर राहणार, पण माल काढून द्यायला भिवंडीत कोणी नाही. सोमवारी भिवंडीत हमाल हजर, टेम्पो हजर, पण बिल काढणारे सुट्टीवर. औषधाचा टेम्पो बिलाशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. शेवटी बिलिंगच्या चौघांना सोमवारी बदली सुट्टीच्या बोलीवर बोलावले. त्यांतल्या एकाने शुक्रवारीच गावी जाऊन सोमवारी परतायचे म्हणून तिकीट काढलेले होते. ते त्याने आधी एकदा बदलले होते आणि आता पुन्हा बदलले. गोदामातले रोजंदारीचे हमाल शुक्रवारी घरी बसले. त्यांना सुट्टी म्हणजे बुडालेला रोज, आणि तो बुडणार हे आधी कळले तर माणूस दुसरीकडे काम धरतो, आदल्या दिवशी कळले तर धरू शकत नाही.

आता उशिराबद्दल. ईद-ए-मिलादची तारीख चंद्रदर्शनावर ठरते आणि एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, हे कुणीही मान्य करील. पण गेल्या तीन वर्षांत सुट्टी हलली ती चंद्र उशिरा दिसल्यामुळे नव्हे, तर गणपती विसर्जन आणि ईदचा जुलूस एकमेकांजवळ आल्यामुळे. २०२३ मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरला आले आणि ईदची सुट्टी २९ तारखेला गेली. २०२४ मध्ये १६ सप्टेंबरची सुट्टी मुंबईत १८ तारखेला गेली, कारण १७ ला अनंत चतुर्दशी होती. २०२५ चे वर लिहिले आहेच. प्रत्येक वेळी बंदोबस्तावर ताण येऊ नये म्हणून मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलण्याचा समजूतदारपणा दाखवला आणि प्रत्येक वेळी सुट्टीचा कागद अगदी अखेरच्या दिवसांत निघाला. २०२३ ची गंमत तर अशी की २८ तारखेचा गुरुवार, २९ चा शुक्रवार, मग शनिवार-रविवार आणि सोमवारी गांधी जयंती, अशी सलग पाच दिवसांची सुट्टी सरकारी कर्मचाऱ्यांच्या पदरात पडली, आणि ती इतक्या उशिरा पडली की ज्यांचे गाव लांब त्यांना तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. कालनिर्णयाला पेन्सिल बांधली गेली ती याच वेळी.

हे तीन वर्षे ओळीने घडले यात योगायोग काहीच नाही. हिजरी वर्ष बारा चांद्रमासांचे. आपले पंचांगही चांद्रमासांचेच, फक्त साधारण तीन वर्षांत एकदा अधिक महिना येऊन ते सूर्याशी जुळवून घेते. २०२३ मध्ये अधिक श्रावण झाला आणि त्यानंतर रबिउल अव्वल या हिजरी महिन्याची बारावी, म्हणजे ईद-ए-मिलाद, आणि भाद्रपदातली शुद्ध चतुर्दशी, म्हणजे अनंत चतुर्दशी, जवळजवळ आल्या. पुढचा अधिक महिना येईपर्यंत दोन्ही कालगणना वर्षाला सुमारे अकरा दिवस मागे सरकत राहणार, म्हणजे हे दोन दिवस एकमेकांचा हात धरूनच चालणार, हे २०२३ मध्येच स्पष्ट होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरपर्यंत पुढे जातील, ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या अखेरीस येईल आणि हा पेच आपोआप सुटेल. माझ्या सासऱ्यांनी हे मला दाते पंचांग पुढे ठेवून दहा मिनिटांत समजावून सांगितले. ते निवृत्त शिक्षक आहेत, ज्योतिषी नव्हेत. २०२४ आणि २०२५ च्या याद्या करताना आपल्यापैकी कुणी पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या, तर ‘ईद-ए-मिलाद : मुंबईकरिता पर्यायी दिनांक’ अशी एक ओळ यादीतच छापता आली असती.

चंद्राचा इथे काहीच संबंध नाही, असे दुसरे उदाहरण यंदाच्या स्थानिक सुट्ट्यांचे आहे. मुंबईत गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी या दोन दिवशी स्थानिक सुट्टी देण्याचा रिवाज आहे. २०२५ मध्ये गोपाळकाला १६ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, दोन्ही शनिवारी. सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे, त्यामुळे शनिवारच्या सुट्टीचा उपयोग शून्य. म्हणून त्या दोन सुट्ट्यांऐवजी नारळी पौर्णिमा, ८ ऑगस्ट, आणि ज्येष्ठा गौरी विसर्जन, २ सप्टेंबर, असे दिवस देण्यात आले. निर्णय चांगला होता. नवऱ्याच्या कार्यालयात त्याचे स्वागतही झाले. पण तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाला, म्हणजे नारळी पौर्णिमा हाताशी आली असताना. १६ ऑगस्ट २०२५ हा शनिवार आहे, ही गोष्ट ऑगस्टमध्ये उघडकीस आली काय?

या एका निर्णयाच्या उशिराने कोकणात जाणाऱ्या माणसाचे काय होते, ते पाहावे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. त्यापूर्वी ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. यंदा गणपती बुधवारी, २७ ऑगस्टला बसले आणि गौरी विसर्जन मंगळवारी, २ सप्टेंबरला झाले. नवऱ्याच्या खाती तीनच नैमित्तिक रजा उरल्या होत्या. गुरुवार आणि शुक्रवार अशा दोन रजा घेतल्या की शनिवार-रविवार जोडून मिळतात. सोमवार-मंगळवारसाठी आणखी दोन लागतात, आणि शिल्लक एकच. म्हणून आम्ही परतीचे आरक्षण रविवारी रात्रीचे केले. २ सप्टेंबरला सुट्टी आहे हे ठाऊक असते, तर उरलेली एक रजा सोमवारी टाकून आम्ही पूर्ण सात दिवस घरी राहिलो असतो. २ सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण ४ जुलैला खुले झाले होते. सुट्टी कळली त्याला महिना उलटल्यावर, आणि तोवर त्या दिवशीच्या कुडाळ-ठाणे तिकिटांची प्रतीक्षायादी बघण्याच्याही पलीकडे गेली होती. ज्या संध्याकाळी गौरी घरात आल्या, त्याच रात्री आम्ही पिशव्या उचलल्या. सासूबाईंनी आंबोळ्यांचा डबा बांधून दिला आणि ‘पुढच्या वर्षी तरी गौरीचो जेवान जेवन जावा’ एवढेच म्हणाल्या. नवऱ्याने ती सुट्टी ठाण्यात कपाट आवरण्यात घालवली.

जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक सुट्ट्या ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे त्यामागचे कारण उघड आहे आणि शहाणपणाचे आहे. सोलापूरला संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, कोल्हापूरकडे जोतिबाची चैत्र यात्रा, रत्नागिरीत शिमगा. मुंबईत बसून एकाच मापाने हे मोजता येणार नाही. पण यातला प्रत्येक दिवस पंचांगात किंवा दिनदर्शिकेत वर्षभर आधी छापलेला असतो. मग त्याचे आदेश सगळ्या जिल्ह्यांतून एकाच वेळी, एकाच ठिकाणी का मिळू नयेत? दरवर्षी मी ठाण्याचा आदेश शोधते. कधी तो ओळखीच्या शिक्षिकेकडून मिळतो, कधी वर्तमानपत्राच्या कात्रणावरून, आणि बहुतेक वेळा तो फोटोचा फोटो असतो, ज्यात तारखेचा आकडा तीन आहे की आठ ते भिंग लावून पाहावे लागते.

दोन कायद्यांचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही, कारण दोन्ही माझ्या रोजच्या कामातले आहेत.

पहिला आपलाच, राज्याने केलेला : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७. त्यानुसार कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी स्थानिक परंपरेनुसार, वर्ष सुरू होण्यापूर्वी, आपसांत ठरवायच्या. ‘वर्ष सुरू होण्यापूर्वी’ ही अट राज्याने दुकानदाराला घातली आहे. आम्ही ती पाळतो. दर डिसेंबरात कार्यालयाचे तिघे आणि गोदामाचे तिघे चहा घेऊन बसतात. कार्यालयाला गुढीपाडवा हवा असतो, गोदामाला ईद हवी असते, दोघांनाही दिवाळीचा दुसरा दिवस हवा असतो. पाऊण तास वाद होतो, यादी ठरते आणि फळ्यावर लागते. आमची कंपनी आठांपेक्षा चार सुट्ट्या जास्त देते आणि त्यांच्या तारखा आपल्या अधिसूचनेप्रमाणे धरते. आमची यादी नंतर बदलावी लागते ती फक्त तेवढ्यापुरती. सत्तर माणसांच्या कंपनीला जे बंधन आपण घालता, ते सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या शासनाने स्वतःला का घालून घेऊ नये?

दुसरा कायदा जुना आहे. आपल्या प्रत्येक अधिसूचनेच्या पहिल्याच ओळीत तो असतो : परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. केंद्राने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने या कलमाखालचा अधिकार राज्याकडे सोपवला आणि त्याच अधिकाराने आपण सुट्ट्या जाहीर करता. सणांच्या सुट्ट्यांचे मूळ हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांच्या कायद्यात कसे, याचे मला पूर्वी नवल वाटायचे. कलम वाचल्यावर उलगडा झाला. वचनचिठ्ठी किंवा विनिमयपत्राची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ते लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय झाले असे मानले जाते. म्हणजे पैसे सुट्टीच्या नंतर नव्हे, आधी द्यायचे. आधी द्यायचे असतील तर सुट्टी आधी माहीत हवी. सुट्टीची पूर्वसूचना ही या कायद्याच्या पोटातच आहे, असे मला, वकील नसूनही, वाटते.

या पार्श्वभूमीवर २२ जानेवारी २०२४ ची सुट्टी आठवावी. अयोध्येतल्या सोहळ्यानिमित्त त्या दिवशी राज्यात सुट्टी द्यावी की नाही, हा या पत्राचा विषय नाही. सोहळ्याची तारीख काही महिने आधी सर्वांना ठाऊक होती. सुट्टी जाहीर झाली शुक्रवारी, १९ जानेवारीला, सोमवारसाठी. त्या शुक्रवारी दुपारनंतर आमच्याकडे जी धावपळ झाली ती एका आठवड्यापूर्वीच्या पत्राने टळली असती.

काही सुट्ट्या आयत्या वेळीच जाहीर होणार, हे मला समजते. लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी राज्याने सुट्टी दिली. तिथे पूर्वसूचनेचा प्रश्नच येत नाही. पूर आला, मुसळधार पावसाचा इशारा आला, तर जिल्हाधिकाऱ्यांनी पहाटे पाच वाजता शाळा बंद ठेवल्या तरी कोणतीही आई त्यांचे आभारच मानील. दुखवटा, आपत्ती आणि मतदान या तिन्ही गोष्टी मी बाजूला ठेवते. राहतात ते सण, आणि सण अचानक येत नाहीत.

‘सुट्ट्या आधीच फार झाल्या, त्यात तारखांची कटकट कशाला’ असे म्हणणारेही भेटतात, आणि त्यांच्यात आमचे व्यवस्थापकही आहेत. त्यांना माझे उत्तर रजिस्टरमध्ये आहे. तारीख आयत्या वेळी बदलली की त्या आठवड्यात आकस्मिक रजा वाढतात, कारण ज्यांनी तिकिटे काढली त्यांना जावेच लागते, आणि बदललेल्या दिवशी सुट्टी असतेच. काम एका दिवसाऐवजी दोन दिवस अडते. ज्या कंपन्यांत ‘सँडविच’चा नियम आहे, म्हणजे रजेच्या दोन दिवसांमध्ये सुट्टी अडकली तर तीही रजेतच मोजतात, तिथे तारीख हलली की कुणाच्या खात्यातून काय वजा करायचे यावरून महिनाभर कुरबुर चालते. त्या कुरबुरीचा कागद माझ्यासारखीच्या टेबलावर येतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. राज्याची वार्षिक यादी आणि सर्व ३६ जिल्ह्यांच्या स्थानिक सुट्ट्या ३१ डिसेंबरपूर्वी एकत्र जाहीर कराव्यात. त्या एकाच ठिकाणी, वाचता येईल अशा छापील अक्षरांत उपलब्ध असाव्यात.

२. एखादी स्थानिक सुट्टी शनिवारी किंवा रविवारी येत असेल, तर तिचा बदली दिवस त्याच यादीत द्यावा. वार पाहायला ऑगस्ट उजाडावा लागू नये.

३. दोन सण एकत्र येऊन मिरवणुकांचा प्रश्न उभा राहणार असेल, तर संबंधित समाजांच्या प्रतिनिधींशी आणि पोलिसांशी बोलून पर्यायी तारीख यादी करतानाच ठरवावी. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक संभवत असेल तिथे दोन्ही तारखा छापाव्यात. आम्ही दोन्ही पेन्सिलीने लिहू, पण आम्हांला त्या माहीत असतील.

४. दुखवटा, आपत्ती आणि मतदान सोडून इतर कोणतीही सुट्टी साठ दिवसांच्या आत हलवू नये. रेल्वेच्या आरक्षणाची मुदत साठ दिवसांची आहे, म्हणून हा आकडा. तरीही हलवावी लागलीच, तर मूळ तारखेला कर्मचाऱ्याने घेतलेली रजा त्याच्या खात्यातून वजा न करता तो दिवस बदललेल्या सुट्टीशी अदलाबदल करण्याची मुभा त्याच आदेशात द्यावी.

५. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांत लाखो माणसे एका जिल्ह्यात राहून दुसऱ्यात काम करतात. मुंबईची तारीख बदलायची असेल तेव्हा या शेजारच्या जिल्ह्यांना विचारूनच ती बदलावी, आणि किमान शाळांची सुट्टी व पालकांची सुट्टी एका दिवशी येईल असे पाहावे.

६. प्रत्येक आदेशात तो कुणाला लागू आहे हे एका वाक्यात लिहावे : सरकारी कार्यालये, बँका, शाळा, न्यायालये, खासगी आस्थापना. १ एप्रिलची सुट्टी फक्त बँकांना आहे हे जसे स्पष्ट लिहिलेले असते, तसेच. दरवर्षी मला किमान दहा फोन या एका वाक्याच्या अभावी येतात.

यांपैकी कोणत्याही मागणीला पैसा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. चौथी मागणी जड वाटत असेल तर तीवर चर्चा व्हावी, मी अडून बसणार नाही. पहिली आणि दुसरी मात्र येत्या महिन्यात पूर्ण होण्यासारख्या आहेत.

आमच्या कंपनीची २०२६ ची यादी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर लागेल. तीत मुंबईच्या आणि ठाण्याच्या स्थानिक सुट्ट्यांचे रकाने मी कोरे ठेवले आहेत. सोमवारी, १४ सप्टेंबरला गणपती आहेत. आदल्या शुक्रवारच्या, ११ तारखेच्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण १३ जुलैला सकाळी आठ वाजता उघडेल आणि काही मिनिटांत संपेल. परतीचे आरक्षण त्यानंतर पाठोपाठ येईल. त्या सकाळी नवरा मोबाइल हातात घेऊन बसेल, तेव्हा कालनिर्णयाच्या सप्टेंबरच्या पानावर परतीची तारीख पेनाने लिहिलेली असावी, एवढ्यासाठी हे पत्र. उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
हजेरी-पगार विभागातील एक कर्मचारी
किसननगर, ठाणे